बाजेची दिशा

माझ्या पत्नीला जाऊन वर्ष झालं तेव्हा घरापुढे मांडव घालून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. वंदना झाली, मग दोन-चार जण बोलायला उभे राहिले. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी म्हणाले, "ह्यांनी नोकरी बाहेर काढली खरी, पण शेवटी बायकोसाठी घरातच सिनेमागृह उभं केलं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिला सगळं जग दाखवलं." लोकांनी माना डोलावल्या. माझी मुलगी सासरहून, हट्टा गावाहून आली होती. ती पदर तोंडाला लावून रडत होती. मी उभा राहिलो आणि हात जोडले.

ते जोडलेले हात मला अजून सोडत नाहीत. गुरुजी चांगल्या मनानेच बोलले. पण तसं झालेलं नाही. माझ्या मुलीलाही तेच खरं वाटतं, आणि ती तिच्या सासरी तेच सांगते. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. गुडघे गेलेत, पण हात अजून चालतो.

आमचं घर गोरेगावात. मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कामाला होतो. कोणत्या चारीला पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे बघणं माझं काम. राहणं तिकडेच, खात्याच्या खोलीत. महिन्यातून दोन रविवार घरी. पत्नी गोरेगावच्या अंगणवाडीत सेविका होती. आमच्या गल्लीतली तिशीच्या आतली जवळजवळ सगळी माणसं तिच्या हातचं खिचडीचं ताट खाऊन मोठी झाली. सगळे तिला बाई म्हणत. म्हातारी माणसंसुद्धा.

घर बांधलं तेव्हा गवंडी म्हणाला होता की दार दक्षिणेला नको, ते चांगलं नसतं. आम्ही बौद्ध माणसं. ती हसून म्हणाली, "लेकरं जिकडून येतेत तिकडंच दार पाह्यजे." गल्ली दक्षिणेला होती, म्हणून दार दक्षिणेला झालं. मीही हसलो होतो. हे इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मी निवृत्त होऊन घरी आलो आणि दुसऱ्याच वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालायचा, डोळे चालायचे, समजायचं सगळं. हिंगोलीच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर समोरच्या खोलीत तिची बाज टाकली. खोली लहान. दक्षिणेला दार, त्याच्या समोर उत्तरेच्या भिंतीला टीव्ही. तिला पाठीशी उशा लावून टेकून बसवावं लागे. टीव्ही दिसावा म्हणून बाज अशी टाकली की तिचं डोकं दाराकडे आणि पाय टीव्हीकडे. दार तिच्या पाठीमागे गेलं.

पहिले काही महिने घरात सारखी माणसं. बाया यायच्या, बाजेच्या कडेला बसायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या. शाळा सुटली की लेकरं दारातून ओरडायची, "बाई, आमी चाललो!" समोरच्या घरातल्या वहिनी तर दिवसातून चार वेळा. त्या मूळच्या तांड्यावरच्या, लग्न होऊन गावात आलेल्या. माझ्या पत्नीची आणि त्यांची जुनी सोबत होती. त्या आल्या की घर त्यांचंच व्हायचं.

"भाऊ, तुमी जरा भायेर बसा, बाईला न्हाऊ घालतो आमी."

"भाऊ, हे काय, मीठ कुठं ठिवलं? बाई हिंडती-फिरती व्हती तव्हा इथं असायचं."

मी माझ्याच घरात ओट्यावर बसून राहायचो. ज्या गल्लीत मी महिन्यातून दोन दिवस यायचो, ती गल्ली तिची होती. मला कुणी नीट ओळखतही नव्हतं. कालव्यावर माझ्या शब्दावर दरवाजे खाली-वर व्हायचे आणि इथे मला मीठ कुठे आहे हे माहीत नव्हतं. माझी चिडचिड होई. ती कुणाला दिसू दिली नाही, एवढंच.

त्या दिवसांत टीव्हीवर खाली पट्टी यायची की आता इतके नवे चॅनल एचडीत आले. मी सेनगावच्या डिशवाल्याला फोन केला. मनात काय होतं ते आज सांगतो. क्रिकेट स्वच्छ दिसावं, बातम्या मोठ्या दिसाव्यात, आणि घरात काहीतरी माझं असावं. पत्नीचं नाव मी फोनवर घेतलं, कारण ते घेतल्यावर माणूस लवकर आला असता. आणि आलाच.

त्याने नवा टीव्ही लावला, छतावरची डिशची छत्री नीट केली, सेट-टॉप बॉक्सचा डबा जोडला. चित्र लागलं तेव्हा मी खरोखर चकित झालो. बातम्या वाचणाऱ्या बाईच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. पण डिशवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "काका, दारातून उजेड येऊन राहिला. काच चमकते. एचडीचा काही उपेग न्हाई मंग. एक पडदा लावा जाड."

मी त्याच दिवशी जाड कापडाचा निळा पडदा दाराला लावला. टीव्ही चालू असला की पडदा ओढलेला, बंद असला की सारलेला. ओढलेला पडदा बघून लेकरं आत डोकावायची थांबली. बायाही कमी झाल्या. "भाऊ टीव्ही बघून राहिले," म्हणून बाहेरूनच जायच्या. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण बरं वाटलं.

तिच्या डाव्या हाताशी रिमोट ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात तिने दोनदा टीव्ही बंद केला. मला वाटलं चुकून दाबलं गेलं. तिसऱ्यांदा बंद केला तेव्हा मी क्रिकेट बघत होतो. मी रिमोट उचलून वरच्या फळीवर ठेवला. "तुला जमत न्हाई, ऱ्हाऊ दे," म्हणालो. त्यानंतर तो तिच्या हाती कधी गेला नाही.

टीव्ही लावला की ती घशातून आवाज काढायची आणि डावा हात बाजेच्या कडेवर आपटायची. घरात कुणी आलं तर मी कौतुकाने दाखवायचो, "बघा, चित्र लागलं की कशी खूश व्हते." लोकांना पटायचं. मलाही पटवून घ्यायचं होतं. वीज गेली की ती शांत व्हायची. मी पडदा सारून दार उघडायचो, वारा यावा म्हणून, आणि ती बंद टीव्हीकडे एकटक बघत राहायची. मला वाटायचं, वाट बघते आहे बिचारी, चित्र कधी येतंय याची.

असं वर्षभर चाललं. चॅनल वाढत गेले. मला नंबर पाठ झाले होते. जंगलाचं कितव्या नंबरवर, समुद्राचं कितव्या, विदेशातल्या स्वयंपाकाचं कितव्या. सकाळी मी तिला विचारायचो, "आज काय बघायचं?" आणि उत्तर येणार नाही हे माहीत असल्यामुळे स्वतःच लावायचो.

मग एक दिवस टीव्हीवर नुसतीच सूचना आली. कंपनीने म्हणे वर उपग्रहावरची जागा वाढवली होती, आणखी पुष्कळ चॅनल एचडीत देणार होते, आणि आमचा डबा जुना झाला होता. नवा डबा लागेल. मी डिशवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, सगळ्या तालुक्याचं एकदमच झालंय. गावोगाव डबे बदलून राहिलो मी. चार दिवस कळ काढा." चार दिवस टीव्ही बंद राहिला.

त्या चार दिवसांबद्दल मी आजवर कुणालाच काही सांगितलं नाही.

टीव्ही नाही म्हटल्यावर पडदा ओढण्याचं कारण उरलं नाही. दार दिवसभर उघडं. पहिल्याच दुपारी दोन मुली दारात थबकल्या आणि "बाई!" म्हणून ओरडल्या. पत्नीच्या तोंडातून आवाज निघाला, पण तो वेगळा होता, खालच्या पट्टीतला. त्या दिवशी तिने अख्खी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. एरवी मी चार घास कसेबसे भरवायचो. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या आणि दुपारभर उंबऱ्याशी बसल्या. पत्नीच्या डोक्यामागे बसून त्या मेथी निवडत होत्या आणि गल्लीतलं सगळं सांगत होत्या. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची सून माहेराहून आली नाही, कोणत्या जीपवाल्याचं नंबरावरून कुणाशी भांडण झालं.

"आन् तो म्हणतो कसा, माझी जीप पहिली लागली. अरे बाबा, पहिली लागली तं काय पहिली पंक्चर व्हत न्हाई काय?" वहिनी स्वतःच हसल्या. माझी पत्नी हसली. वाकड्या तोंडाने, पण हसली. झटक्यानंतर मी पहिल्यांदा बघत होतो.

वहिनीच्या ते ध्यानात आलं. मेथी बाजूला ठेवून त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, एक सांगू का? बाईची बाज फिरवा ना. दाराकडं तोंड करा तिचं. काहून तिला भिताडाकडं करून ठिवलं? गल्ली दिसंल, लेकरं दिसतील. टीव्ही काय, त्याचं तोंड भी फिरंल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाज फिरवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागली असती. पण मला माहीत होतं की बाज एकदा फिरली की पडदा कायमचा गेला. मग बाया येणार, लेकरं येणार, मी परत ओट्यावर. टीव्हीला दुसरी भिंतही नव्हती. पश्चिमेला कपाट, पूर्वेला आतल्या खोलीचं दार. म्हणजे नवा डबा, नवे चॅनल, सगळंच गेलं.

हे मी बोलू शकत नव्हतो. मग मी जे बोललो ते असं, "वहिनी, तिचे पाय दक्षिणेकडं व्हतील. जित्या माणसाचे पाय दक्षिणेकडं करू का मी?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्या हे सगळं फार मानतात. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "न्हाई न्हाई, चुकलं माझं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा. तसं नका करू भाऊ."

मी पत्नीकडे बघितलं. तिने मान जमेल तेवढी वळवली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. जिने दार दक्षिणेला काढायला लावलं होतं, आणि जिच्यासोबत मी जन्मभर असल्या गोष्टींना हसत आलो, तिच्यासमोर मी हे बोललो होतो. तिला बोलता येत नव्हतं. वहिनींना ती सांगू शकत नव्हती की हा माणूस खोटं बोलतो आहे. तिने थोडा वेळ बघितलं आणि मग तोंड परत टीव्हीकडे केलं, बंद टीव्हीकडे.

पाचव्या दिवशी डिशवाला आला. छतावर चढून त्याने छत्री जराशी सरकवली, खाली येऊन नवा डबा लावला. मोठ्या उत्साहात होता. "काका, आता बघत ऱ्हावा. वर जागाच जागा झाली. पयले मोजके व्हते, आता सगळेच एचडीत येऊन राहिले." त्याने समुद्राचा चॅनल लावला. निळं पाणी, त्यात पिवळे मासे, एकेका खवल्यासकट. मी उठून पडदा ओढला.

पत्नी रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी. डिशवाला घाबरला. "काकूला काय झालं? तकलीफ व्हती का काही?"

"न्हाई रे," मी म्हणालो. "आनंदानं रडून राहिली. चार दिवस टीव्ही नव्हता ना."

डिशवाल्याने हे गावभर सांगितलं. त्याच्या धंद्यालाही ते चांगलं होतं. मला वाटतं गुरुजींच्या कानावर तेच गेलं असणार. त्या दिवसापासून मी बायकोसाठी जीव टाकणारा माणूस झालो, आणि त्या नावातून मला बाहेर पडता आलं नाही. बाज फिरवावी असं नंतर दोन-तीनदा मनात आलं. पण फिरवली असती तर वहिनींनी विचारलं असतं, "आन् दक्षिण?" दक्षिणेचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून बाज तिथेच राहिली. माझ्या एका वाक्यासाठी ती त्या भिंतीसमोर पडून राहिली. आठ महिने.

वहिनी येत राहिल्या, पण आता तिच्या डोक्यामागे उंबऱ्यावर, पडद्याच्या बाहेर बसायच्या आणि पडद्यातून बोलायच्या. आत टीव्हीचा आवाज. मी आवाज कमी करायचो, पण बंद करत नव्हतो.

ती गेली तेव्हा सकाळ होती. मी आत चहा करत होतो. बाहेर आलो तर समुद्राचाच चॅनल चालू होता आणि तिचा डावा हात बाजेच्या कडेवर होता.

हे सगळं मला वर्षभर माहीतच होतं. तरी मी स्वतःला समजावत होतो की काही झालं तरी तिला चित्रं तर दिसली, डोंगर दिसले, समुद्र दिसला. हात जोडले ते त्या जोरावर.

पुण्यानुमोदनाचा मांडव उतरला, मुलगी हट्ट्याला परत गेली. दोन-तीन दिवसांनी दुपारी गुडघे फार दुखत होते म्हणून मी पहिल्यांदाच तिच्या बाजेवर टेकलो. तिच्यासारख्याच उशा लावल्या, कारण त्या तशाच ठेवलेल्या होत्या. टीव्ही चालू केला. तेवढ्यात वीज गेली. पडदा मांडवाच्या कामात काढलेला होता, दार उघडं होतं.

समोरच्या काळ्या काचेत गल्ली होती.

आधी मला कळलं नाही काय दिसतंय. मग दाराची चौकट ओळखू आली, पांढरी, आणि तिच्यात समोरच्या घराचा उंबरा, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, लाल नाही, काळपट, पण मिरच्याच. कडेला गल्लीचं तोंड आणि तिथे उभी असलेली सेनगावची जीप. जीप सुटली आणि उलटीकडे गेली, कारण काचेत सगळं उलटं दिसतं. शाळेतली लेकरं गेली. त्यांच्या दप्तरांपर्यंत सगळं दिसत होतं. एक जण थांबला, आत बघितलं, गेला. काचेत तो माझ्याकडेच बघत होता.

मी हललो नाही. वीज येईपर्यंत तसाच पडून राहिलो. वीज आली आणि त्या चौकटीच्या जागी निळं पाणी आलं, झगझगीत, एकेक थेंब दिसेल असं. गल्ली गेली.

म्हणजे तिने रिमोट चुकून दाबला नव्हता. हात आपटायची तो आनंद नव्हता. वीज गेल्यावर ती चित्राची वाट बघत नव्हती. त्या चार दिवसांत तिला काचेतून वहिनी दिसत होत्या, मेथी निवडताना, मागे बसलेल्या असूनही. माझ्या खोट्यानंतर तिने तोंड फिरवलं ते टीव्हीकडे नव्हे. तेवढी गल्ली तिच्या वाट्याला उरली होती, आणि पाचव्या दिवशी मी पडदा ओढून तीही घेतली.

मी वहिनींना चहाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. रिमोटचं, पडद्याचं, काचेचं. सगळ्यात शेवटी दक्षिणेचं. "मी ते मानत न्हाई, वहिनी. कधीच मानलं न्हाई. ती भी मानत नव्हती. तुमाला गप करायला बोललो मी."

त्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. रडतील असं मला वाटलं होतं, किंवा म्हणतील, जाऊ द्या भाऊ, आता काय त्याचं. तेच ऐकायला मी बोलावलं होतं, हे खरं आहे.

"मी तव्हापासून भेऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडातून वंगाळ निघालं, बाईचे पाय दक्षिणेला करा म्हन्ले, म्हणून ती गेली असं वाटायचं मला. देवीला नारळ फोडला म्या त्याच्यासाठी. आन् तुमी... माझ्याच देवाचं भेव मलाच घातलं व्हय?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"आठ महिने मी तिच्या पाठीमागं बसले भाऊ. पडद्याशी बोलले." त्यांनी कप खाली ठेवला, अर्धा तसाच. "मला तिचं तोंड बघायचं व्हतं."

त्या उठून गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

मी मुलीच्या नवऱ्याला बोलावून बाज फिरवून घेतली आहे. आता माझे पाय दक्षिणेकडे आहेत आणि दार समोर. टीव्ही काढून टाकायचा होता, पण मुलगी म्हणाली, "बाबा, असू द्या, आईची आठवण हाये ती." त्याच्यावर तिने आईचा फोटो लावून त्याला हार घातला आहे. डिशवाल्याचा मधूनच फोन येतो की आणखी चॅनल वाढले, लावून देऊ का. मी नको म्हणतो. तो म्हणतो, बरोबर आहे काका, काकूशिवाय तुम्हाला काय गोड लागणार.

ही पानं मी मुलीला हट्ट्याला पाठवतो आहे. तिने ती वाचावीत आणि मग टीव्हीचं काय करायचं ते ठरवावं.

दार दिवसभर उघडं असतं. गुडघ्यांमुळे मला उठून ते लावताही येत नाही. शाळा सुटली की लेकरं जातात, आत बघतात, मी दिसतो, पुढे जातात. समोरच्या उंबऱ्यावर वहिनी दुपारी भाजी निवडायला बसतात. अंतर दहा पावलांचं असेल. पूर्वी त्यांचं तोंड आमच्या दाराकडे असायचं. आता त्या पाठ करून बसतात.